उशिराचा हिशेब

(दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या जयंतीनिमित्त डिचोलीत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



कोसंबींच्या जयंतीला बोलायला सहसा इतिहासाचा माणूस बोलावतात. मी मेंदूवर काम करते, म्हणजे उंदरांच्या मेंदूवर. हे मी वाचनालयाच्या कार्यवाहांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही उंदरांवरच बोला, कोसंबी आम्ही वाचलेत." त्यांनी दिलेल्या या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेणार आहे. पण पहिली पाच मिनिटं कोसंबींचीच, कारण ते मला कामात रोज भेटतात आणि ही गोष्ट गोव्यात फारशी कुणी सांगत नाही.

मेंदूत बारीक तार घातली की एका वेळी आठ-दहा पेशींचे विजेचे ठोके नोंदवले जातात, सगळे एकमेकांत मिसळलेले. कुठला ठोका कुठल्या पेशीचा, हे वेगळं काढायला प्रत्येक ठोक्याचा आकार मोजक्या मूळ आकारांच्या बेरजेत मांडतात. या मांडणीच्या मुळाशी असलेल्या गणिताला कार्हुनेन आणि लोएव्ह यांचं नाव आहे. त्या दोघांच्या आधी, १९४३ साली, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणाऱ्या कोसंबींनी ते एका भारतीय गणिती नियतकालिकात छापलं होतं. लगेच १९४४ मध्ये गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र त्यांनी दिलं. ते मात्र त्यांच्याच नावाने टिकलं. जनुकांचा नकाशा काढायच्या संगणक प्रोग्रॅममध्ये 'कोसंबी' असा पर्याय येतो आणि जगभरची पोरं त्यावर टिचकी मारतात. हा माणूस गोव्यातल्या कोसबेंत जन्मला, हे त्यांच्या गावीही नसतं.

हे दोन निबंध लिहायला खर्च किती आला असेल? कागद, शाई, टपाल. म्हणून सत्कार समारंभांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, की खऱ्या बुद्धीला पैसा लागत नाही. मला ते वाक्य आवडत नाही. गणिताला पैसा कमी लागतो हे खरं, पण गणित करणाऱ्याला घर चालवावं लागतंच. कोसंबींना १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जागा मिळाली आणि १९६२ मध्ये करार पुढे वाढवला गेला नाही म्हणून ती गेली. तेव्हा ते पंचावन्नच्या घरात होते.

त्यांच्या वडलांची गोष्ट आज मला जास्त उपयोगाची वाटते. साखवाळचे धर्मानंद कोसंबी कलकत्त्याला शिकवत होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना देऊ केले महिना ५० रुपये. मुदत तीन वर्षं. महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्याचा पगार याहून कितीतरी जास्त होता, तरी धर्मानंदांनी पन्नास घेतले. रक्कम लहान आहे, पण अटी बघा. छत्तिसाव्या महिन्यातही पैसे येणार, हे पहिल्या दिवशी ठाऊक होतं. मला आज एवढ्याच एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. विज्ञानाच्या निधीत कपात झाली असं आपण म्हणतो तेव्हा डोळे आकड्याकडे जातात. प्रयोगशाळेत ती कपात आकडा होऊन येत नाही. ती उशीर होऊन येते. आणि या उशिरात कोण तगतं आणि कोण गळतं, हे त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या घरावर ठरतं.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर उशिराने काय बिघडतं ते कळायचं नाही.

सकाळी सातला मी द्रावण करायला घेते. पाण्यात मीठ, ग्लुकोज, थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम. मेंदूभोवती जे पाणी असतं त्याची नक्कल. त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सारखे सोडायचे. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका असतो. तो मिनिटभरात काढून बर्फगार द्रावणात जावा लागतो. मग थरथरत्या पात्याच्या यंत्राखाली त्याचे काप करायचे, एक काप मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून पातळ. हे काप ब्रशने उचलून कोमट द्रावणात तासभर विसाव्याला ठेवायचे. तिथून पुढे सहा ते आठ तास ते जिवंत असतात. तेवढाच माझा दिवस.

काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक एका पेशीला भिडवायचं, नळीला तोंड लावून हलकेच हवा ओढायची, पेशीची त्वचा काचेला घट्ट चिकटली की आणखी एक झटका, आणि पडद्यावर उणे सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास एक रेघ उमटते. आतलं बोलणं ऐकू यायला लागतं. टेबल हवेच्या दाबावर तरंगतं ठेवलेलं असतं, तरी रस्त्यावरून अवजड गाडी गेली तर पेशी सुटते. चांगल्या दिवशी पाच-सहा पेशी मिळतात, वाईट दिवशी एकही नाही. हा हात बसायला हुशार मुलीलाही वर्ष-दीड वर्ष लागतं. तो कुठल्या पुस्तकात नाही. एकीच्या शेजारी दुसरीने बसून तो शिकायचा असतो.

म्हणजे माझ्याकडे तीन गोष्टी आहेत: जिवंत उंदीर, बसलेला हात आणि पाच वर्षांची मुदत. तिन्ही थांबून राहत नाहीत.

पैसे मात्र थांबतात. प्रकल्प मंजूर झाला की पत्र येतं, फोटो निघतो, घरी पेढे वाटतात. पहिला हप्ता बहुतेक वेळा बरा येतो. पुढचा हप्ता यायला मागच्याचा हिशेब लागतो, यूसी म्हणतात त्याला, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. ते संस्थेच्या लेखा विभागातून, तपासनिसाच्या सहीने, ठरलेल्या नमुन्यात जातं. पैसे वेगवेगळ्या हेडखाली असतात: माणसं, रसायनं, प्रवास, किरकोळ. उंदरांच्या खाद्याचे संपले आणि प्रवासाचे उरले, तरी प्रवासाचे पैसे उंदराला घालता येत नाहीत. वर्षाचा हप्ता फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चला उरलेला परत जातो. पाच-सहा आठवड्यांत वर्षाची खरेदी उरकायची. त्यात निविदा, तीन दरपत्रकं, सरकारी खरेदीचं पोर्टल. २०२५ च्या जूनमध्ये संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम बरेच सैल केले गेले, संचालकांना पोर्टलबाहेर खरेदी करायची मोकळीक मिळाली. ते चांगलं झालं, मनापासून सांगते. पण खरेदी सोपी झाली म्हणून खात्यात नसलेले पैसे खर्च करता येत नाहीत.

आता आकडे, थोडेच देते. आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. हा २०२०-२१ चा आकडा. पंधराएक वर्षांपूर्वी तो ०.८ च्या आसपास होता. चीन २०२० मध्येच २.४ च्या घरात होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये देशभर शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले होते ते हा आकडा ३ वर न्या म्हणून. हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. वाचलेलं नसतं ते पुढचं. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जैवतंत्रज्ञान विभागाला २,६८३ कोटी रुपये ठेवले होते. वर्ष सरताना सुधारित अंदाज आला, त्यात ते १,६०७ कोटी झाले होते. पहिला आकडा मथळ्यात येतो. दुसरा पुढच्या वर्षीच्या तक्त्यात शेजारच्या रकान्यात असतो; तिथवर कुणी जात नाही. या दोन रकान्यांमधलं जे हजार-अकराशे कोटींचं अंतर आहे, त्यात देशभरच्या प्रयोगशाळांतले न आलेले हप्ते राहतात. अर्थखात्याचं तर्कशास्त्र साधं आहे: वेळेत खर्च झाले नाहीत, म्हणजे गरज नव्हती. आम्ही शास्त्रज्ञ आणि आमच्या संस्था हिशेब द्यायला चेंगटपणा करतो हेही तितकंच खरं. पण हप्ता फेब्रुवारीत द्यायचा आणि खर्च का झाला नाही म्हणून पुढच्या वर्षी कापायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत.

वर नियम मधेच बदलतात. २०२२ च्या जुलैपर्यंत संशोधन संस्थांना उपकरणांवर ५ टक्के जीएसटी होता, त्यानंतर तो १८ झाला. ज्याचा प्रकल्प आधीच्या दराने मंजूर झाला होता त्याने वरचे १३ टक्के कुठून आणायचे? रसायनांतून. म्हणजे प्रयोग कमी करून. २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के केलं. बोंब झाली, संशोधनासाठी मागवणाऱ्यांना काही आठवड्यांत पुन्हा १० टक्के झालं. कागदावर नुकसान शून्य. पण ज्यांची प्रतिपिंडं कोरड्या बर्फात घालून त्या आठवड्यांत विमानतळावर उतरणार होती त्यांना विचारा. कोरडा बर्फ अधिसूचनेची वाट बघत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतला एक हप्ता असाच लांबला. कुणाचा, ते सांगत नाही. एकाच कार्यालयाकडे बोट दाखवून उपयोगही नाही. उंदरांचा हिशेब असा असतो की पिंजऱ्यामागे रोजचा खर्च चालूच असतो: खाद्य, भुसा, वातानुकूलन, सांभाळणारी माणसं. मादी विसाएक दिवसांत विते, तीन आठवड्यांत पिल्लं वेगळी करायची. म्हणजे आकडा आपोआप वाढतो; तो थांबवायचा तर जोड्या मोडाव्या लागतात. दोन वेगळे जनुकबदल एकाच उंदरात आणायचे तर पिढ्यामागून पिढ्या जुळवाव्या लागतात, त्यात महिने जातात. प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड असतं: वंश, जन्मतारीख, आई-बाप, जनुकतपासणीचा निकाल. पैसे नाहीत म्हटल्यावर एका संध्याकाळी मी आणि माझी विद्यार्थिनी ती कार्डं घेऊन बसलो. कुठले पिंजरे ठेवायचे आणि कुठले नाहीत. तिने पेन्सिलीने कोपऱ्यात खुणा केल्या, शाईने करवेना. जो वंश परदेशातून पुन्हा मागवता येण्यासारखा होता तो आधी गेला. जो तिनेच दोन वर्षं खपून जुळवला होता त्याची एक जोडी ठेवली, आणि त्या मादीचं वय जास्त होतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. उंदीर मारणं हे आमच्या कामात रोजचं आहे, त्याची परवानगी असते, पद्धत असते, आणि प्रत्येक जीव कशासाठी गेला याची नोंद असते. त्या आठवड्यातल्या नोंदीत कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, हे मात्र आम्हाला सुचेना.

पैसे पुढे आले. पूर्ण आले. सरकारी कागदात त्या प्रकल्पात एक रुपयाचीही कपात नाही.

डिचोलीत हे समजवायला मला लांब जावं लागत नाही. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मधे चालू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. त्या वर्षांत ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू, हे इथल्या घराघरांनी काढलं आहे. ट्रक उभा राहिला तरी टायर कुजतात, बॅटरी उतरते. खाण पुढे सुरू झाली म्हणून ज्याने मधल्या काळात ट्रक विकला त्याचा ट्रक परत येत नाही. ज्याच्याकडे कुळागर होतं, दुकान होतं, आखातात भाऊ होता, तो थांबला. बाकीचे गेले. प्रयोगशाळेत नेमकं हेच होतं, फक्त तिथे ट्रकाच्या जागी माणसाचा हात असतो.

फेलोशिपचं बघा. पीएचडी करणाऱ्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. २०२३ पासूनचा हा दर. त्याआधी ३१,००० होते आणि ते वाढवून घ्यायला पोरांना दिल्लीत बसावं लागलं. ही रक्कम पोटापुरती आहे, वाईट म्हणणार नाही. पण ती सहा-सहा महिने आली नाही तर? बंगळुरूचा किंवा पुण्याचा घरमालक यूसी मागत नाही, भाडं मागतो. माझ्या वर्गात दोन प्रकारची मुलं होती. एकांचे आई-बाबा प्राध्यापक, डॉक्टर, बँकेत. त्यांच्या घरून पैसे यायचे आणि गप्पांत त्याचा उल्लेखही नसायचा. दुसरी आम्ही. माझी आई पेडण्याची, दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "पगार झालो काय गो?" झाला नाही म्हटलं की ती काही बोलायची नाही, पण पुढच्या आठवड्यात मामाने काहीतरी पाठवलेलं असायचं. मामाची हरमलला खोल्या भाड्याने द्यायची सोय होती म्हणून मी शास्त्रज्ञ झाले. हे मी विनोदाने सांगत नाही. मेंदूविज्ञानाला माझ्या बाबतीत केंद्र सरकारच्या बरोबरीने रशियन पर्यटकांनी मदत केली आहे.

आणि ज्यांना असा मामा नव्हता त्यांना दोष द्यायची माझी छाती नाही. पेडण्यात आज मोपाचा विमानतळ आहे, धारगळला आयुर्वेदाचं संस्थान आहे, मोरजी-मांद्र्याला हॉटेलं आहेत. डिचोलीच्या मुलांना औषधांचे कारखाने आहेत. साखळीच्या सरकारी कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागली तर महिन्याच्या महिन्याला पगार होतो. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की ये माझ्याकडे, पाच वर्षं पीएचडी, मग तीन-चार वर्षं पोस्टडॉक, मग पाच वर्षांची फेलोशिप, आणि चाळिशी जवळ आली की कायम जागेची जाहिरात बघू? त्यात बऱ्याच योजनांना वयाची अट असते. इन्स्पायर फॅकल्टीला सर्वसाधारण गटात ३२ ची. बाईने याच वर्षांत लग्न करायचं, मूल व्हायचं, आणि हप्ता लांबला तर मुदत पुढे ढकलून मिळेल का म्हणून अर्ज लिहायचे. हा सगळा काळ काढू शकतं ते घर कुठलं, ते तुम्हाला दिसतं आहे. मग वीस वर्षांनी आपण विचारतो, की आपल्या विज्ञानसंस्थांत सगळे एकाच प्रकारच्या घरांतले लोक कसे.

"मग अमेरिकेला जा की," असं कुणीतरी म्हणतंच. बरेच गेले, मीही काही वर्षं होते. तिथेही वारं फिरलं आहे. ओबामांनी २०१३ मध्ये मेंदूवरच्या संशोधनाचा मोठा उपक्रम सुरू केला. २०२३ मध्ये त्याला ६८ कोटी डॉलर होते, २०२४ मध्ये ४० कोटी झाले, पुढच्या वर्षी आणखी घसरले. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेने विद्यापीठांना मिळणारा वरखर्च १५ टक्क्यांवर आणायचा हुकूम काढला. तो कोर्टात अडला, पण त्या वसंतात काही विद्यापीठांनी पीएचडीला दिलेले प्रवेशच मागे घेतले. तिथे शिकणाऱ्या मराठी, कोकणी मुलांच्या आयांचे फोन आता मला येतात, की तुमच्याकडे काही होईल का. इथली मुलं तिथे बघतात, तिथली इथे.

आता जरा गोव्याकडे येते. 'मेंदूच्या संशोधनाचा आम्हाला काय उपयोग,' हा प्रश्न येणार, म्हणून मीच आधी घेते. रेबीज हा मेंदूचा आजार आहे. एकदा लक्षणं दिसली की औषध नाही. २०१३ ते २०१९ या काळात गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचा जो कार्यक्रम चालला, त्यात फोनवरच्या नकाशाने माणसं वाड्यावाड्यांत पाठवून वर्षाला ९५,००० वर कुत्र्यांना लस टोचली गेली, म्हणजे सुमारे ७० टक्के. शाळांतून वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत माहिती गेली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला आणि माणसांमधले मृत्यू थांबले. २०२२ मध्ये जगातल्या एका मोठ्या नियतकालिकाने ते छापलं. स्वयंसेवी संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून केलेलं हे काम दरवर्षी करावं लागतं. नवी पिल्लं दरवर्षी जन्मतात, त्यांना मागच्या वर्षीची लस चालत नाही. एका वर्षाच्या खंडाने काय होईल, ते सांगायला मी लागत नाही.

दुसरं उदाहरण कमी माहितीचं आहे. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित अडचणी किती, याची देशातली एक महत्त्वाची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. फिट्स, ऐकण्या-बोलण्यातल्या अडचणी, स्वमग्नता, शिकण्यातल्या अडचणी, सगळं धरून. देशभरात पाच ठिकाणं निवडली होती: पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. ३,९६४ मुलं तपासली. दोन ते सहा वयोगटात ९.२ टक्के, सहा ते नऊमध्ये १३.६ टक्के मुलांना यातलं निदान एक तरी काही होतं. चाळीस मुलांच्या वर्गात पाच. पेडणे-डिचोलीच्या प्राथमिक शिक्षकांनी या मुलांना 'ढ' म्हणायचं सोडावं, यासाठी याहून भक्कम कागद नाही. या पाहणीला भारत सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा पैसा होता, तसाच अमेरिकन आरोग्य संशोधन संस्थेचा आणि तिथल्या एका स्वमग्नताविषयक संस्थेचाही. आपल्या मुलांची मोजदाद करायला वॉशिंग्टनजवळून पैसा आला, आणि आता तो झराच आटत चालला आहे.

खाजगी पैशाचं काय? येतो आहे. बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राला क्रिस गोपालकृष्णन यांनी २२५ कोटी दिले. त्यातून कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात गावकऱ्यांच्या म्हातारपणाचा आणि मेंदूचा अभ्यास चालू आहे, दहा हजार माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायची असा संकल्प. असा अभ्यास तीन वर्षांच्या सरकारी प्रकल्पात होऊच शकत नाही. गोव्यात म्हाताऱ्यांचं प्रमाण देशात वरच्या रांगेत आहे, मुलं परदेशी आहेत, बंद घरात एकटी माय विसरत चालली आहे. असा अभ्यास पेडण्यात का नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही. पण दानशूर माणूस आपल्याला हवं तेच निवडणार, तो त्याचा हक्क आहे. नवं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान २०२३ च्या कायद्याने आलं, तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी असं जाहीर झालं. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे होते. २०२५ मध्ये एक लाख कोटींचा आणखी एक निधी मंजूर झाला. तो मुख्यतः उद्योगांना अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी द्यायच्या दीर्घ मुदतीच्या पैशाचा आहे. तंत्रज्ञानासाठी तो बराच असेल. उंदराच्या मेंदूतली पेशी कर्ज फेडत नाही.

आणि कधी फेडेल ते आधी सांगता येत नाही. केरीच्या किनाऱ्यावर जी माणकी, म्हणजे स्क्विड, मिळते, तिच्या जातभाईंच्या अंगात एक मज्जातंतू असतो, जवळजवळ मिलिमीटरभर जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. १९३६ मध्ये यंग नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तो दाखवला. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यात तार घातली, महायुद्धाने काम बंद पाडलं, आणि विजेचा ठोका सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्याने कसा होतो, हे १९५२ मध्ये पूर्ण झालं. आज डॉक्टर फिट्सवर ज्या गोळ्या देतात त्यांतल्या कितीतरी पेशीच्या याच सोडियमच्या दारांवर काम करतात. माणकीच्या मज्जातंतूला पैसे द्यायला १९३६ मध्ये कुठला उद्योग तयार झाला असता?

मला विचाराल तर दिल्लीचा ०.६४ टक्क्याचा आकडा डिचोलीतून हलणार नाही. पण उशीर भरून काढायला एक टक्काही लागत नाही. गोवा सरकारने एक पूल-निधी उभारावा. राज्यातल्या ज्या मुलामुलींना केंद्राची फेलोशिप मंजूर आहे पण आलेली नाही, त्यांना मंजुरीपत्र पाहून दर महिन्याच्या एक तारखेला तेवढी रक्कम द्यायची, आणि केंद्राचे आले की परत घ्यायची. हे अनुदान नाही, उसनवार आहे. गोव्यातून अशी मुलं असून असून किती असणार? खाणबंदीच्या काळात ट्रकवाल्यांना, बार्जवाल्यांना राज्याने मदत केलीच होती. त्या फायली अजून असतील, नमुना तयार आहे. सयाजीरावांनी जे पन्नास रुपयांत केलं ते आपल्याला जमू नये असं नाही.

शेवटी, इथे बसलेल्या अकरावी-बारावीच्या मुलींसाठी. सभा संपल्यावर तुमच्या आया मला बाजूला घेऊन विचारतात, की घालू का हिला यात. घाला. पण प्रयोगशाळा निवडताना तिथल्या प्राध्यापकाचे निबंध मोजू नका. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला एकटीला गाठा आणि मागचा हप्ता कधी आला ते विचारा. फेलोशिप स्वतःच्या नावावर घ्या, प्रकल्पावरची नोकरी शक्यतो टाळा, प्रकल्प संपला की ती संपते. सहा महिन्यांचं भाडं आधी बाजूला ठेवा. नसेल तर सुरुवात वर्षभराने करा, मेंदू कुठे पळून जात नाही. मंजुरीच्या पत्रावरची तारीख आणि खात्यात पैसे आल्याची तारीख, दोन्ही वहीत लिहीत जा. चार-पाच जणींच्या वह्या एकत्र आल्या की तो कागद कुठल्याही मंत्र्यासमोर ठेवता येतो. माझी वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना रकाने कसे आखायचे ते बघायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी यावं.